वडिलांची सही कुठे आहे?

मंगळवारी आमच्या तालुक्याचा बाजार असतो. बाजाराला आलेल्या बाया परतीची गाडी लागेपर्यंत आमच्या मंडळाच्या खोलीत येऊन टेकतात, पाणी पितात, कुणाच्या केसची तारीख कधी आहे ते विचारून जातात. गेल्या वर्षी जुलैतल्या अशाच एका मंगळवारी एक मायलेकींची जोडी आली. आईला मी दहा वर्षांपासून ओळखते. नवऱ्याने टाकलेली, दुसऱ्यांच्या रानात रोजाने जाणारी. तिच्या पोटगीच्या दाव्याच्या तारखांना आम्ही आळीपाळीने तिच्यासोबत गेलो आहोत. मुलगी त्या वर्षी बारावी शास्त्र शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती. तिने सीईटी दिली होती आणि तिला बी. फार्मसीला जायचे होते. त्यांच्या घरात, आईच्या माहेरी आणि सासरीही, बारावीच्या पुढे गेलेली ही पहिलीच मुलगी.

आईने खांद्यावरची पिशवी उपडी केली. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, आधारकार्ड. मग म्हणाली, "ताई, सेतूतला पोरगा म्हणतो, वडिलांची सही कुठाय? वडिलांचा दाखला कुठाय? आता तो माणूस आम्हाला नऊ वर्षांत दिसला नाही, त्याची सही मी कुठून आणू?"

या एका प्रश्नाबद्दल मला इथे लिहायचे आहे. आपण स्त्रियांच्या चळवळीतल्या कार्यकर्त्या हुंड्यावर बोलतो, मारहाणीवर बोलतो, मालमत्तेच्या हक्कावर बोलतो. पण पहिल्यांदाच विद्यापीठाच्या दारात उभी राहणारी मुलगी ज्या अर्जाशी झुंजते, तो अर्ज आपल्याला फारसा राजकीय वाटत नाही. 'ते कारकुनी काम आहे, सेतूवाल्याचे काम आहे' असे आपण म्हणतो. माझे मत आता बदलले आहे.

कागदावर सगळे मोफत

पहिल्यांदा हे मान्य केले पाहिजे की कागदावर आज परिस्थिती बरीच चांगली आहे. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला, की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पूर्वी ही सवलत निम्मी होती. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तर १९४४ पासून आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासींसाठी स्वयंम आहे. इतर मागासवर्गीयांसाठी २०२३ मध्ये ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने आधार योजना जाहीर झाली. तिच्यात मुंबई-पुण्यासारख्या शहरात राहून शिकणाऱ्याला वर्षाला ६० हजारांपर्यंत मदत मिळू शकते.

या योजना सहजासहजी मिळालेल्या नाहीत. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात त्यांनी शिष्यवृत्त्यांचाही विचार केला होता. खुल्या स्पर्धेने शिष्यवृत्त्या वाटणे वरवर न्याय्य दिसले तरी त्याने ज्या वर्गांत विद्या पोचलीच नाही त्यांच्यात ती पसरत नाही. म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठीच ठेवाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. या गोष्टीला जवळजवळ दीडशे वर्षे होत आली.

आणि शिष्यवृत्ती बाई म्हणून नाकारण्याची परंपराही तितकीच जुनी आहे. नाशिकला जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली आणि मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली. तिने पुढे लिहून ठेवले आहे, की परीक्षेतल्या तिच्या क्रमांकामुळे इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती तिला मिळायला हवी होती, पण ती बाई असल्याने नाकारली गेली. शेवटी तिकडच्या काही स्त्रियांनी पैसे गोळा केले आणि १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला गेली. गुण तिचे होते, नियमात बसणारी व्यक्ती मात्र पुरुषच असणार असे नियम करणाऱ्याने धरून चालले होते.

आज कुठलाही नियम उघडपणे मुलगी नको म्हणत नाही. उलट मुलींना सवलत आहे. पण अर्ज आजही काही धरून चालतो. ते काय, हे त्या मायलेकींबरोबर दीड महिना फिरल्यावर मला नीट कळले.

अर्ज काय धरून चालतो?

मुलगी इतर मागासवर्गातली. त्या प्रवर्गातून प्रवेश आणि शुल्कमाफी हवी तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. हे नसतील तर तिला खुल्या प्रवर्गात टाकले जाते. म्हणजे जागाही हुकते आणि माफीही.

जात वडिलांकडून धरतात. त्यामुळे पुरावे वडिलांच्या घराण्याचे: वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांची नोंद, आणि इतर मागासवर्गासाठी ती नोंद १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची हवी. भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० अशा तारखा आहेत. कुणी खोट्या दाखल्याने खऱ्याचा हक्क मारू नये म्हणून पडताळणी हवी, हे मला मान्य आहे. बोगस दाखल्यांनी नुकसान गरिबाचेच होते. पण या सगळ्या कागदांची किल्ली बापाच्या हातात आहे, आणि बापाने घर सोडले असेल तर काय, याचे उत्तर त्या अर्जात कुठेच नाही.

आई शेवटी सासरच्या गावी गेली. नऊ वर्षांनी. नवऱ्याचे दुसरे लग्न झालेले आहे. त्याने तिला ओट्यावरच उभे केले आणि म्हणाला, "पोटगीचा दावा मागं घे, मग देतो दाखला."

मैत्रिणींनो, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकल्यासारखे ऐकते. मुलीच्या शिक्षणाच्या बदल्यात आईने आपला हक्क सोडायचा. आणि हा सौदा करण्याची ताकद त्या माणसाला कुणी दिली? त्याच्या स्वभावाने थोडी दिली असेल, पण मोठा वाटा शासनाच्या अर्जाचा आहे. ज्या बापाने नऊ वर्षांत एक वही घेऊन दिली नाही, त्याच्या पेटीतला एक पिवळा कागद मुलीच्या दोन्ही वर्षांच्या अभ्यासापेक्षा जड ठरतो.

आई दावा मागे घ्यायला तयार झाली होती. "पोरीचं होऊ द्या ताई, माझं काय राहिलंय," असे तिने मला सांगितले. आम्ही तिला दोन दिवस थांब म्हटले.

त्या दोन दिवसांत आम्हाला जे कळले ते सगळ्या गटांनी लिहून ठेवावे. आजोबांची नोंद बापाच्या पेटीतच असते असे नाही. ते ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले तिथल्या जनरल रजिस्टरात ती असते आणि मुख्याध्यापक तिचा उतारा देतात. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. गाव नमुना चौदा म्हणून मागायच्या, काही भागात त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाला आधी वैधता मिळालेली असेल तर ती मोठा पुरावा ठरते. चुलता, चुलतभाऊ, आत्या, यांचे शाळेचे दाखलेही चालतात.

त्या मुलीला तिच्या आत्याने तारले. सख्खी नणंद. तिने स्वतःचा शाळेचा दाखला काढून दिला आणि शाळेत जाऊन तिच्या वडिलांचा, म्हणजे मुलीच्या आजोबांचा, उतारा मागून आणला. कागद हातात देताना एवढेच म्हणाली, "दादाला सांगू नका." नणंद-भावजयीची भांडणे आपल्या ओव्यांत भरपूर आहेत. ही गोष्टही कुठेतरी नोंदली गेली पाहिजे.

कुटुंब म्हणजे कोण?

मग उत्पन्नाचा दाखला. तलाठी कार्यालयात विचारले, "कुटुंबप्रमुख कोण?" आई म्हणाली, "मीच." "नवरा हयात आहे ना? मग त्याचं उत्पन्न धरावं लागेल." त्याची बागायत आहे. म्हणजे ज्या उत्पन्नातला एक रुपया या घरात येत नाही, ते उत्पन्न कागदावर या घरचे. विधवा असती तर मृत्यूचा दाखला जोडून सुटली असती. घटस्फोटिता असती तर कोर्टाचा हुकूम होता. परित्यक्तेला मात्र कागदच नाही. ती विवाहितांच्या रकान्यात बसते आणि त्या रकान्याचे सगळे तोटे सोसते. परित्यक्तांच्या प्रश्नावर महाराष्ट्रात परिषदा झाल्या, मोर्चे निघाले, त्यांच्यासाठी वेगळ्या रेशनकार्डाची मागणी आपण किती वर्षे केली. तो प्रश्न संपला असे कुणी समजत असेल तर त्याने जुलैत सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहून पाहावे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन खटल्यात सांगितले, की वडील प्रत्यक्षात मुलाची काळजी घेत नसतील तर ते हयात असतानाही आई नैसर्गिक पालक असू शकते. आणि १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात मुलाच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम आला. हे चांगलेच झाले. पण नाव लिहिणे वेगळे आणि शब्द मानणे वेगळे. आईचे नाव आता पहिले येईल; आईने 'मी एकटी हिला सांभाळते' असे लिहून दिले तर ते पुरेसे मानले जाईल का, हा खरा प्रश्न आहे. आम्हाला तो दाखला मिळाला तो पोटगीच्या दाव्यातले कोर्टाचे कागद, ग्रामपंचायतीचे पत्र आणि शपथपत्र जोडून, चौथ्या फेरीला. चार फेऱ्या म्हणजे आईचे चार दिवसांचे रोज बुडाले.

त्यानंतर मोबाइल. सगळे अर्ज आता ऑनलाइन, आणि प्रत्येक पायरीला ओटीपी. मुलीच्या आधारला जोडलेला नंबर होता बापाचा! ती लहान असताना त्यानेच आधार काढले होते. म्हणजे नऊ वर्षे ज्याने तोंड दाखवले नाही त्याच्या खिशात मुलीच्या शिष्यवृत्तीचा ओटीपी वाजणार. आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलेपर्यंत आणखी आठवडा गेला. दुसऱ्या मुलींच्या बाबतीत हा नंबर भावाचा असतो, आणि शिकायला विरोध त्याच भावाचा असतो. बँकेचेही तसेच. शिष्यवृत्तीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. ते खाते वडिलांबरोबर जोडखाते असेल तर पैसे आले कधी आणि गेले कधी हे मुलीला कळतही नाही.

या सगळ्यात प्रवेशाच्या पहिल्या दोन फेऱ्या हुकल्या. तिसऱ्या फेरीत जागा मिळाली ती घरापासून लांबच्या महाविद्यालयात. तिथे खिडकीवर सांगितले, "आधी पूर्ण फी भरा, शासनाकडून आली की परत देऊ." माफी असलेल्या मुलींकडून अशी आगाऊ फी घेऊ नये असे शासनाने बजावलेले आहे. आम्ही शासन निर्णयाची प्रत काढून घेऊन गेलो होतो. अर्धा तास वाद झाला आणि प्रवेश झाला. पण ती एकटी, किंवा तिची आई एकटी, गेली असती तर? ती आई 'फी नाही तर प्रवेश नाही' हे ऐकून मुलीचा हात धरून परत आली असती. आणि आपल्या नोंदीत कुठेही हे आले नसते, कारण अशी मुलगी गळते तेव्हा आवाज होत नाही.

माझ्या आईची पाटली

हे लिहिताना मला माझे स्वतःचे आठवत राहिले. मी १९९१ साली बारावी झाले. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेले कुणी नव्हते. प्रवेशाच्या वेळी आईने हातातली एक पाटली मोडली आणि फी भरली. दुसऱ्या वर्षी दुसरी मोडली. तिसऱ्या वर्षी वर्गातली एक मैत्रीण सहज म्हणाली, "तू ईबीसीचा फॉर्म का भरत नाहीस?" तो फॉर्म पहिल्या वर्षीही होता. सूचना फलकावर कागदही लागला असेल. पण ईबीसी म्हणजे काय हे सांगणारे आमच्या घरी कुणी नव्हते, आणि कचेरीतल्या कुणाला ते सांगावेसे वाटले नाही. ज्यांच्या घरात आधीची पिढी शिकलेली असते त्यांना हे ज्ञान जेवताना मिळते. आम्हाला ते दोन पाटल्यांना विकत घ्यावे लागले.

आई आता नाही. तिने कधी त्या पाटल्यांचा उल्लेख केला नाही. पण आजही मुलगी अर्ज घेऊन आली की माझे लक्ष आधी तिच्या आईच्या हाताकडे जाते.

हे काम आपले का?

आमच्या बैठकीत यावर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. आमची एक जुनी सहकारी म्हणाली, "आपण संघटना आहोत की झेरॉक्सचं दुकान? उद्या सगळ्या गावाचे अर्ज भरत बसलो तर मोर्चा कोण काढणार? शासनाने जे करायचं ते आपण फुकट करून देतो आणि शासन मोकळं होतं." तिचे म्हणणे मी मनावर घेतले आहे. सेवा करत करत लढणे विसरलेल्या संस्था आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

पण मला असे वाटते, की मारहाणीच्या केससाठी आपण पोलीस ठाण्यात बाईसोबत जातो ते काही पोलिसांचे काम हलके करायला नाही. तिथे गेल्यामुळेच फिर्याद कशी नाकारतात हे आपल्याला कळले, आणि त्यातूनच मागण्या तयार झाल्या. अर्जाचेही तसेच आहे. या एका मुलीबरोबर फिरलो नसतो तर 'बापाच्या हातातली किल्ली' हा प्रश्न आम्हाला दिसलाच नसता. अर्ज भरून देऊन थांबलो तर ते झेरॉक्सचे दुकान. अर्ज कुठे अडला याची नोंद ठेवून त्यावर जाब विचारला तर ती चळवळ.

म्हणून आमच्या मंडळाने काही ठरवले आहे. इतर गटांनीही विचार करावा.

हे काम जुलैत नाही, अकरावीतच सुरू करायचे. जात वैधतेला महिनोन्‌महिने लागतात. अकरावीत शिकणाऱ्या प्रत्येक मुलीची, विशेषतः एकट्या आईच्या मुलीची, यादी करून तिची कागदांची पिशवी तेव्हाच भरायला घ्यायची. मुलीचा स्वतःचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला आहे ना आणि बँकेत तिचे एकटीचे खाते आहे ना, हे दहावीच्या सुट्टीतच पाहायचे. प्रवेशाला मुलीला एकटे पाठवायचे नाही. शासन निर्णयाची छापील प्रत सोबत द्यायची. आणि ज्या मुली गेल्या वर्षी या अग्निदिव्यातून गेल्या त्यांनी पुढच्या वर्षीच्या मुलींना बसवून शिकवायचे. तिला 'ताई' म्हणणारी एक मुलगी मागे उभी राहिली की पहिलेपण थोडे हलके होते.

मागण्या तीन आहेत. एक, आई एकटी मुलांना सांभाळत असेल तर तिच्या शपथपत्रावर आणि स्थानिक चौकशीवर तिचेच उत्पन्न कुटुंबाचे उत्पन्न धरावे. परित्यक्तेला नवऱ्याच्या जमिनीचा भार नको. दोन, बाप कागद देत नसेल तर मुलीच्या एका अर्जावर पडताळणी समितीने स्वतः शाळेकडून आणि तहसीलकडून नोंदी मागवाव्यात. समित्यांकडे चौकशीसाठी दक्षता पथके आहेत. ती संशय घेण्यासाठी फिरू शकतात तर मदतीसाठीही फिरू शकतात. तीन, शुल्कमाफीबरोबर राहण्या-जेवण्याची हमी द्यावी. शिक्षण मोफत आणि खोलीचे भाडे महिन्याचे महिन्याला, अशाने मुलगी पहिल्या सत्रानंतर घरी येते.

ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. वैधता प्रमाणपत्र मिळायला हिवाळा उजाडला. पोटगीचा दावा आईने मागे घेतला नाही. परवा मुलगी सुट्टीत आली होती, तेव्हा बाजारच्या दिवशी आमच्या खोलीत येऊन बसली आणि वस्तीतल्या दोन मुलींचे आधारचे नंबर तिने तपासले. त्यातल्या एकीच्या आधारला नंबर होता तिच्या काकाचा. तिने त्या मुलीला विचारले, "तुझा स्वतःचा फोन आहे का गं?" मुलगी नाही म्हणाली. "मग आईचा?" त्यावर मुलीने आईकडे पाहिले. आईने कमरेची पिशवी सोडली, आत गुंडाळून ठेवलेला साधा बटणाचा फोन काढला आणि पुढे केला.

"हा चालंल का?" तिने विचारले.

चालतो. ओटीपी यायला तेवढा पुरतो. आईचा शब्दही असाच पुरला पाहिजे, एवढेच आपल्याला मागायचे आहे.